शिवणवर्गाच्या दारावरचा कॅमेरा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सुमनांगण लोककेंद्र, पडेगाव,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : बुधवारच्या शिवणवर्गासमोरील कॅमेरा काढणे व प्रदर्शनातून वर्गास वगळणेबाबत.
संदर्भ : वर्धापनदिनाविषयीची आपली सूचना.

महोदय,

अर्जदार समुपदेशक आहे. मागच्या खोलीत भरणारा शिवणवर्ग हा शिवणवर्ग नाही, हे आपण व अर्जदार दोघांनाच ठाऊक आहे, असा अर्जदाराचा समज होता. तिथे येणाऱ्या मुलींवर त्यांच्याच शाळा-कॉलेजातल्या, ओळखीतल्या मुलांनी लैंगिक अत्याचार केले आहेत. शिवण शिकायला जाते म्हटले की घरचे अडवत नाहीत, म्हणून ती पाटी. आत मुली बोलतात, कधी नुसत्या बसतात. बाहेर आवाज जावा म्हणून रिकामे मशीन आळीपाळीने चालवतात.

२. गेल्या महिन्यात या दारासमोर कॅमेरा लागला. कात्री चोरीस गेल्याचे कारण देण्यात आले. कात्री खोलीतच होती. ती आपणांस समक्ष दाखवूनही कॅमेरा निघाला नाही. अन्य कोणत्याही खोलीसमोर कॅमेरा नाही.

३. त्याचे चित्रण केंद्राच्या समितीचे सदस्य श्री. साहेबराव यांच्या मोबाइलवर दिसते. झाडलोट करणाऱ्या पारूबाई म्हणाल्या, "बाई, ते मला इचारत होते, ती उंच पोरगी अजून येती का म्हून. मी म्हणलं, मला नाय माहीत, मी खाली बघून झाडते." त्या मुलीच्या तक्रारीतील आरोपी साहेबरावांचा पुतण्या आहे. हा योगायोग असू शकतो. अर्जदारास तसे वाटत नाही.

४. त्यातच आपली सूचना आली : प्रत्येकीने स्वतः शिवलेला ब्लाऊज वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात नाव व छायाचित्रासह मांडावा, सत्कार श्री. साहेबराव करतील. संशय नको म्हणून मुली आता खरोखरच शिवत आहेत. बोलणे बंद पडले आहे. माप चुकले म्हणून एक जण परवा रडली. ती मापासाठी रडत नव्हती, हे सर्वांना कळले.

५. ती उंच मुलगी येईनाशी झाली आहे. तिची न्यायालयातील साक्ष जवळ आली असून, तत्पूर्वी झाले ते एकदा तरी या खोलीत मोठ्याने सांगून पाहायचे, असे तिनेच ठरवले होते. फोनवर ती म्हणाली, "मॅडम, मी येते. पण त्या दारातून नाय."

६. तरी वर्गास प्रदर्शनातून वगळावे व कॅमेरा काढावा. तो निघेपर्यंत गोदामाकडील मागच्या दाराची किल्ली अर्जदारास द्यावी. चित्रण साहेबरावांना दिसावे हे कोणी ठरवले, ते लेखी कळवावे. आपणांस माहीत नव्हते, असे उत्तर असल्यास तेही लेखीच द्यावे. मुलींची नावे अर्जदार देणार नाही. ती उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे.

७. हा अर्ज आवक टेबलावर न देता आपल्या हाती दिला आहे. त्यातला मजकूर बाहेर गेल्यास तो कुठून गेला, हे शोधावे लागणार नाही.

अजूनही आपल्यावर विश्वास ठेवू पाहणारी,
मीनाक्षी देव
दि. ८ ऑगस्ट २०२५

सोबत : प्रदर्शनासाठी शिवायला लावलेला ब्लाऊज, एक, केवळ आपल्या माहितीसाठी. बाह्या उलट्या लागल्या आहेत. शिवणारीचे नाव जोडलेले नाही.