निळीचं बूच

प्रिय दादास,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून आहे, कारण गेल्या रविवारपासून मला सरळ उभं राहता येत नाही. कारण पुढे येईलच.) तुझं पित्त कसं आहे? वहिनीचा खांदा? इकडे सगळे खुशाल आहोत, आणि बाबा तर इतके खुशाल आहेत की त्यांना आवरता आवरता आमची दमछाक होते आहे.

तुला एक वाक्य आठवतं का बघ. मी नऊ वर्षांची होते, तू बारा. मोरीच्या भोकात कापडाचा बोळा कोंबून आपण कागदाच्या होड्या सोडल्या होत्या आणि पाणी स्वयंपाकघर ओलांडून जिन्यावरून खालच्यांच्या दारात गेलं होतं. (बोळा कोणी कोंबला, हा वाद अजून मिटलेला नाही.) खालच्या काकू ओरडत होत्या, आई ओरडत होती, आणि बाबा कामावरून आले ते बूट न काढता मोरीशी वाकले आणि म्हणाले, "पाणी आलं कुठून, हे सगळे विचारतात. जायचं कुठून, ते कोणी बघत नाही." एकतीस वर्षं पाणीखात्यात जमिनीखालच्या गळत्या शोधणारा माणूस दुसरं काय म्हणणार! हे वाक्य आपण सगळेच विसरलो. बाबासुद्धा. म्हणून महिनाभर हा सगळा घोळ झाला.

तू फोनवर सांगितलंस, गाडी विकून टाक, कागद माझ्या नावावर आहेत, सही करून पाठवतो. तुझंही चूक नव्हतं. बाबांना आता गाडी चालवायची नाही, फाटकाच्या खांबाने ते सिद्ध केलं आहे. शिवाय निळीला, आपल्या त्या निळ्या गाडीला, येणारा तो वास! तुझी सही आली त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांचा व्यापारी आला. त्याने दार उघडलं, लगेच लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, आत काही मेलंय का?" मग भंगाराचा भाव सांगून, तीन आठवड्यांनी रविवारी संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला. त्या दिवसापासून बाबा कशालाही नुसतं 'बरं' म्हणायला लागले. जेवायचं? बरं. डॉक्टरांकडे जायचं? बरं. भाजीत मीठ जास्त पडलं आहे का? बरं. ज्या माणसाने आयुष्यात आपलं पहिलं म्हणणं कधी ऐकून घेतलं नाही, त्याचं हे वागणं मला बघवेना. मी ठरवलं, विकायचीच असेल तर निदान माणसात आणून विकू.

आत बुरशीचा संसार थाटला होता, दादा. स्टिअरिंगवर पांढरी, पट्ट्यांवर हिरवी, आणि मागच्या सीटखाली तुझ्या भाचीने दाखवली ती चक्क छत्री, देठासकट. (तिला ती शाळेत न्यायची होती. मी नाही म्हटलं, तर दोन तास अबोला.) तुझे मेव्हणे म्हणाले, वास शोषून घ्यायला कॉफीची पूड ठेवू. ठेवली. चार दिवसांनी गाडीत कॉफी पिणाऱ्या बुरशीचा वास येऊ लागला. मेकॅनिकने पुढच्या काचेच्या रबराला चिकटद्रव्य भरलं. दुसऱ्या मेकॅनिकने ते बघून कपाळाला हात लावला आणि दाराची रबरं बदलली. पुन्हा पाऊस पडला आणि डावीकडचं पायपुसणं पुन्हा पिळता येईल इतकं ओलं!

शनिवारी मी पायपुसणी वाळत घालत होते, तेव्हा बाबा आतून त्यांची ती कांडी घेऊन आले. आठवते ना? लोखंडी, वर लाकडी वाटी बसवलेली. रस्त्यावर टेकवून वाटीला कान लावायचा की खालचा नळ कुठे गळतो ते ऐकू येतं. त्यांनी ती निळीच्या बॉनेटवर टेकवली आणि डोळे मिटले. शेजारचे मास्तर कुंपणाशी आले. "काय म्हणते गाडी?" "बघे फार जमलेत म्हणते," बाबा डोळे न उघडता म्हणाले. दादा, माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी मोहीम. आतून सगळं कोरडं पुसलं, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, फटी असतील तिथे अंगाला लावायची पावडर भुरभुरली, म्हणजे पाण्याचा ओघळ उमटेल. बाहेर तुझे मेव्हणे नळी घेऊन, बाबा खुर्चीत सेनापती. आत बॅटरी घेऊन कोणी शिरायचं यावर चर्चा झालीच नाही. पाय सीटवर, डोकं डॅशबोर्डखाली, अशी मी एक तास होते. (कंबर ती हीच.) बाबांचा नियम असा की पाणी खालून वर न्यायचं, सावकाश, वरून ओतलं तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. काचा बंद, बाबांना ऐकू कमी, म्हणून खुणा ठरल्या. एक हॉर्न म्हणजे पाणी दिसलं, दोन म्हणजे थांबा. पण कूस बदलली की माझा गुडघा हॉर्नवर जायचा. एक, दोन, पाच, सात! तुझे मेव्हणे नळी बंद-चालू करून घामाघूम झाले, समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई कोणाची वरात आहे ते बघायला गॅलरीत आल्या, आणि बाबा ओरडत होते, "सात म्हणजे काय ते ठरलेलं नाही!"

नळी पुढच्या काचेच्या खाली आली आणि माझ्या कपाळावर टप्पकन थेंब पडला. तिथे बाहेर एक काळी जाळी असते ना, तिच्याखाली पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिथे जमतं आणि एका भोकातून खाली निघून जातं. जाळी काढली, तर पन्हळीत तळं! पाणी काठोकाठ भरून हवेच्या वाटेने आत येत होतं. पाचोळा उपसला, तरी तळं तसंच. बाबांनी पक्कड मागितली, पाण्यात हात घातला आणि भोकातून काळी चिकटपट्टी गुंडाळलेलं एक बूच उपसून काढलं. पाणी गुडगुडत खाली गेलं. बाबांनी कांडी टेकवून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि लहान मुलासारखे हसले. मग बूच उलटसुलट करून पाहिलं, म्हणाले, "माझंच काम. विसरलो. वय झालं," आणि ते खिशात टाकलं.

त्यानंतर दोन पाऊस झाले. आत टिपूस नाही. सगळं त्याच दुपारी व्हिनेगरने पुसलं होतं, फक्त आई बसायची त्या डाव्या सीटच्या उशीवरचा तिच्या केसांच्या तेलाचा डाग बाबांनी पुसू दिला नाही. तिथे बुरशीही लागली नव्हती, तेव्हा मीही वाद घातला नाही.

सर्वांना नमस्कार, लहानांना पापे.

तुझी,
धाकटी

ता. क. व्यापारी त्याच संध्याकाळी आला होता. बाबांनी त्याला गाडीत बसवून खोल श्वास घ्यायला लावला आणि परत पाठवलं. तुझ्या सहीचा कागद माझ्या कपाटात आहे. तो फाडू का? गाडी मी चालवेन, बाबा शेजारी बसून चुका काढतील. लेखी देते.

ता. क. २. ते बूच बाबांचं नाही. चिकटपट्टी उलटी गुंडाळली आहे, आणि घरात डावखुरा एकच. गेल्या सुट्टीत तूच म्हणाला होतास ना, बॉनेटखालच्या भोकातून धूळ येते, तिचा बंदोबस्त केला म्हणून? बाबांनी बूच बघताक्षणी ओळखलं. ते आता त्यांच्या चष्म्याच्या घरात आहे, आणि तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. पण 'वय झालं' हे त्यांनी स्वतःवर घेतलेलं मला सहन होत नाही. तेव्हा एक फोन कर आणि एवढंच म्हण, "बाबा, बूच मी लावलं होतं." तू करणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी कर. (मोरीतल्या बोळ्याचं नंतर सांगितलंस तरी चालेल, सवडीने.)