गाळलेलं कडवं

भोर, १३ जानेवारी १९३९

प्रिय आनंदा,

तू टाईप करून पाठवलेलं तिसरं प्रकरण मिळालं. काम अगदी नेटकं झालंय. चूक आहे ती माझी, आणि ती निस्तरायला तुलाच पुन्हा बसवतो आहे. सोमवारी प्रबंध बांधणीला जायचा आहे, हे विसरलेलो नाही.

काल ते प्रकरण घेऊन आंबवड्याला गेलो होतो. तिथल्या सोनबांच्या जलशातल्या गाण्यांवरच माझा प्रबंध उभा आहे. पाणवठा, देऊळ, वेठ, ज्या गोष्टी सभेत बोलायची इथे सोय नाही, त्या ते ढोलकीवर गातात. दोन वर्षं महारवाड्यात त्यांच्या ओट्यावर बसून मी लिहून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांच्या बायकोने, बनाबाईंनी, गुळाचा चहा दिला, तर मी कप धरून किती वेळ नुसता बघत बसलो, याची नक्कल त्या अजून करतात.

सोनबा म्हणाले, वाचून दाखवा. मी पाणवठ्याचं गाणं वाचू लागलो, त्यांनी ठेका धरला. चौथं कडवं संपलं आणि मी थांबलो. त्यांचा हात वरच राहिला.

"आन् म्होरं?"

जलशात प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव-गाव येतं; त्याशिवाय गाणं पुरं होत नाही. ती सगळी कडवी मी गाळली होती आणि खाली 'कर्ता अज्ञात' लिहिलं होतं. म्हटलं, तुम्हाला पोलिसांचा त्रास नको.

बनाबाई हसत सुटल्या. "पोलिसाला ह्येंचं नाव ठावं न्हाई व्हय? म्हैन्याला चावडीवर नावानंच तर हाका मारत्यात!"

सोनबा हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, खरं बोला. माझं नाव माझ्यासाठी खोडलंत, का तुमचं तुमच्यासाठी?"

तुलाही न दाखवलेलं ते कडवं असं आहे:

आंबवड्याचा सोनबा गातो, हक्क सांगतो पाण्यावर,
भोरचा उपेंद्र लिहून घेतो, बसतो आमच्या ओट्यावर.

अप्पा संस्थानच्या कचेरीत आहेत, मुलाचं नाव अशा गाण्यात आलं तर त्यांची नोकरी जाईल, हे तुला माहीत आहे. गाण्यातलं माझं नाव आणि तो ओटा लपावा म्हणून मी हे कडवं काढलं, आणि ते एकच काढलेलं दिसू नये म्हणून बाकीच्या दहा गाण्यांचीही. आज सकाळी अप्पांना सगळं सांगितलं. ऐकून ते उठले. पगडी घालून कचेरीत गेले. अजून आलेले नाहीत.

अकराही कडवी सोबत आहेत. 'अज्ञात' काढून नाव-गाव घाल. आणि पाणवठ्याचं पान सगळ्यात आधी टाईप करून बांधणाऱ्याच्या हाती दे. म्हणजे उद्या माझा धीर सुटला आणि मी तुला थांब म्हणून कळवलं, तरी उशीर झालेला असेल.

तुझाच,
भोरचा उपेंद्र