सुकाणू माझ्याच हातात होतं

शुक्रवार, ४ मार्च
परवा शर्यत. क्लबच्या बोर्डावर नावं लागली. सुकाणूवर मी, शिडाच्या दोरीवर धाकटी मेव्हणी. तिला बजावलं, मी सांगेन तेवढंच करायचं. ती म्हणाली, भावोजी, तुम्ही सांगा तर खरं. मागच्या वेळी डोळे मिटून बसला होतात. मी गालावर वारा जोखत होतो. याला शास्त्र म्हणतात.
संकल्प : सकाळी पोहणे. उद्यापासून. आज जरा कणकण आहे.

शनिवार, ५ मार्च
पोहलो नाही. पाणी गार असल्याचं कळलं.
ऑफिसात सगळ्यांना शर्यतीचं सांगून बसलोय. आता माघार नाही. म्हणजे घ्यायचीच नाहीये.
बायकोने विचारलं, चहा का सांडतोय? कप फार भरला होता.

रविवार, ६ मार्च. सकाळी
क्लबवरचे झेंडे फटाफट वाजताहेत. शर्यत पुढे ढकला, असं सेक्रेटरींना सुचवलं. इतरांच्या काळजीपोटी. ते म्हणाले, अहो, असल्या वाऱ्याची लोक वर्षभर वाट बघतात. बेजबाबदार माणूस.
माझं लाईफ जॅकेट तपासलं. मग मेव्हणीचं. तिचं जास्त दणकट वाटलं. बदलून मागितलं. तिने मुकाट्याने दिलं.

रविवार, दुपारी
बोटं गारठलीत म्हणून अक्षर असं. दुसरं काही कारण नाही.
शिट्टी झाली तेव्हा आम्ही बरेच मागे होतो. गर्दीत शिरायचं नाही हे माझं धोरण. पहिल्या वळणापाशी मेव्हणी ओरडायला लागली, वळवा, भावोजी, वळवा! मी वळवणारच होतो. तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की होडी आडवी.
नाकातोंडात पाणी. वर आलो तर होडीची कड हाताला लागली. मेव्हणी दिसेना. शीड पाण्यावर पसरलं होतं आणि त्याच्याखाली काहीतरी धडपडत होतं. अगदी जवळ. कड सोडली असती तर हात पोचला असता. बोटांना सांगितलं, सोडा. बोटांनी ऐकलं नाही.
मी तिला हाका मारत होतो. बचावबोटीवरचा माणूस म्हणतो, काका, तुम्ही 'वाचवा, मला वाचवा' ओरडत होतात. वाऱ्यात शब्द नीट ऐकू येत नाहीत.
ती आपली आपणच बाहेर आली. खोकत, डोळे लाल. पहिलं काय विचारलं, तर भावोजी, तुम्ही ठीक ना? मग तिनेच होडी सरळ केली, मला जॅकेटला धरून आत ओढलं आणि शर्यत पुरी केली. शेवटून पहिले आलो.

सोमवार, ७ मार्च
ऑफिसात सांगितलं, वाऱ्याने घात केला.
बायकोला सांगितलं होतं, दोघांनी मिळून होडी सरळ केली. मेव्हणीनेही बहिणीला फोनवर तेच सांगितलं. मला वाटलं होतं, बिंग फोडेल. फोडलं नाही. याचा मला राग का यावा?
डोळे मिटले की शीड दिसतं. बहुधा पित्त.

बुधवार, ९ मार्च
पुढच्या शर्यतीची नावं ठरली. सुकाणूवर मेव्हणी, दोरीवर बायको. बायको गेले काही महिने पोहायला जाते म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. मी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभं राहायचं.
दोघींनी विचारलं, चालेल ना? कडाडून विरोध करायला तोंड उघडलं आणि 'बरं' म्हणालो. इतक्या चटकन की दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.
मग मेव्हणी हळूच म्हणाली, भावोजी, घाबरायला होतंच हो.
मी विचारलं, कोणाला?
बायकोने टॉवेल माझ्या हातात ठेवला.