डांबरला आष्टी मानवेना

८ जानेवारी
सामान लागलं. बायकोला, मंगलला, बढती मिळाली आणि बढतीसोबत आष्टीला बदली, म्हणून शिरूर कासार सोडलं. मला जड जाईल असं तिला वाटत होतं. मी म्हणालो, रिटायर्ड माणसाला काय, कुठंही खुर्ची टाकली की झालं. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून अख्खी नोकरी लोकांना गावोगाव पाठवण्यात गेली. मला गाव बदलायचं काय कौतुक?

प्रश्न फक्त डांबरचा. स्टँडच्या आवारात डांबर टाकलं तेव्हा हे कुत्र्याचं पिल्लू त्यात चिकटून बसलं होतं. पाय रॉकेलने पुसून घरी आणलं, तेव्हापासून तेच नाव. रंगही तोच. आज टेम्पोतून उतरला तो थेट जिन्याखाली शिरला. भाकरी-दूध तसंच पडून आहे.

व्हिडिओत सांगतात, कुत्र्याला नवीन घरात सेट व्हायला वेळ लागतो. शिस्त नसेल तर लागणारच. मी आठवडा धरतो.

९ जानेवारी
डांबरला जिन्याखालून ओढून काढला. सगळं घर दाखवलं. प्रत्येक खोलीत उभं करून स्पष्ट आवाजात नाव सांगितलं: हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम. स्टँडवर माझी अनाउन्समेंट माइक नसतानाही ऐकू यायची.

मंगल म्हणाली, "त्याला कशाला फिरवताय? बसू द्या की निवांत." नर्सबाई आहे, माणसांचं कळतं तिला, जनावरांचं वेगळं असतं.

डांबर परत जिन्याखाली. पण जाताना एकदा वळून बघितलं. प्रगती आहे.

१२ जानेवारी
मंगल ड्युटीवर. मी कोथिंबीर आणायला गेलो. परत आलो तर शेजारचा सोमेश्वर बनियनवर फाटकात उभा. हा रात्रीची ट्रॅव्हल्स चालवतो, आष्टी ते पुणे, आणि दिवसा झोपतो. म्हणाला, "काका, रातभर गाडी हाणून येतो मी. तुमी फाटकाबाहेर पडलात की ह्ये कुत्रं इवळायला लागतंय. डोळा लागंना."

मी त्याला समजावून सांगितलं की याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. मालकावर अतोनात प्रेम असलं की होते. तो म्हणाला, "काय बी म्हणत असूद्या, पण गप करा त्याला."

प्रायव्हेट गाड्यांच्या लोकांना पेशन्स कमी.

१३ जानेवारी
शास्त्रीय पद्धत सुरू केली. मालकाने थोडा वेळ बाहेर जायचं, यायचं. मग जास्त वेळ जायचं, यायचं. म्हणजे मालक परत येतो हे कुत्र्याला पटतं.

मी बाहेर पडून पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. डांबर लगेच विव्हळायला लागला. आत गेलो, "गप" म्हणालो, बाहेर आलो. पुन्हा तेच. आत, बाहेर, आत, बाहेर. दुपारपर्यंत माझे गुडघे धरले.

सोमेश्वरची बायको सुनिता कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "काका, चावी हरवली का?" मी ट्रेनिंग म्हणालो. तिने पदर तोंडाला लावला. बहुतेक ऊन लागत असावं.

१५ जानेवारी
मुलगी सायलीचा पुण्याहून फोन. संक्रांतीचं बोलणं झाल्यावर म्हणाली, "पप्पा, तुमी आष्टीत कुणाकडं जाता-येता का?" मी म्हणालो, वेळ कुठं आहे, डांबरला सोडून जाता येत नाही. ती म्हणाली, "डांबरचं न्हाई विचारलं मी."

हिला पुण्यात राहून विषय भरकटवायची सवय लागली आहे.

आठवडा झाला. डांबर जिन्याखालीच. मूळ प्लॅनला मुदतवाढ.

१७ जानेवारी
जनावरांच्या दवाखान्यात गेलो. लाइनीत एक गाभण म्हैस, दोन शेळ्या आणि आम्ही. डॉक्टरांनी डांबरला तपासलं, ठणठणीत आहे म्हणाले. मी सविस्तर केस सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही दिवसभर घरीच असता?"

मी अभिमानाने हो म्हणालो. एक क्षण सोडत नाही.

ते म्हणाले, "मग जरा सोडत जा."

एवढंच. औषध नाही, इंजेक्शन नाही. म्हशीला मात्र दोन इंजेक्शनं दिली. कुत्र्याचं ज्ञान या भागात अजून पोचलेलं नाही.

२० जानेवारी
डांबरने उशी फाडली. माझी. मंगलच्या उशीला हात लावला नाही, म्हणजे दात. यावरून सिद्ध होतं की त्याची ओढ माझ्याकडे आहे. मंगल म्हणाली, ओढ असती तर फाडली असती का. तर्क तिला समजला नाही.

कापूस सगळ्या हॉलभर. झाडून काढताना शिंका.

२२ जानेवारी
सोमेश्वरने घरमालकांना फोन केला. घरमालक अमरसिंहदादा, आष्टीत तीन घरं, बोलणं गोड. म्हणाले, "कंट्रोलर साहेब, तुमी माणूस म्हणून लई चांगले हाव. पण शेजाऱ्याची झोप मोडती. महिनाअखेरपर्यंत कुत्रं गप झालं तर ठीक, न्हाईतर त्याची दुसरीकडं सोय लावा."

संध्याकाळी मंगलने विषय काढला. तिचा भाऊ अजिनाथ नारायणगडाजवळ शेतात राहतो. मोकळं रान, शेळ्या, घरात माणसं. डांबर तिथं राहील. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग करणार काय?" मी म्हणालो, माझ्याकडे प्लॅन आहे.

प्लॅन उद्या करतो.

२५ जानेवारी
प्लॅन असा: भीती मोडायची असेल तर भीतीच्या समोर उभं करायचं. मेन रोडने लग्नाची वरात येणार होती, डीजेसकट. डांबरला पट्टा बांधून सगळ्यात पुढं नेऊन उभा केला. त्याच्या कानात सांगितलं, मी आहे.

डीजेवाल्याने बटण दाबलं. माझ्या स्वतःच्या छातीत हादरा बसला. डांबरने मान मागे घेतली, पट्टा माझ्या हातात राहिला आणि डांबर गेला.

पट्टे निकृष्ट बनवतात हल्ली.

नवरदेवाच्या घोड्याखालून गेला, रसवंतीवाल्याच्या मागून गेला, नंतर दिसलाच नाही. अंधार पडेपर्यंत शोधला.  

२६ जानेवारी
सकाळीच मोटारसायकल काढली. कुत्रं हरवलं की जुन्या घरी जातं हे सगळ्यांना माहीत आहे. मंगल म्हणाली, "एवढ्या लांब एका रात्रीत कसं जाईल? आधी इथंच हुडका." मी म्हणालो, मला त्याचं मन माहीत आहे.

शिरूरला जुन्या घराला दुसऱ्याचं कुलूप. डांबर नाही. मग म्हटलं स्टँडवर आला असेल, त्याची जन्मभूमी आहे. स्टँडवर गेलो तर सगळे धावत आले. कँटीनचा धुळाजी म्हणाला, "आसारामभाऊ, तुमी गेलात आन् फलाटाची रया गेली." चहा झाला. वडा झाला. नवीन कंट्रोलर पोरगेला आहे, त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पाथर्डीची गाडी लागली होती, त्याने माइक माझ्या हातात दिला. मी अनाउन्समेंट केली. दोन म्हाताऱ्या लगबगीने उठून बसमध्ये चढल्या. एक चुकीच्या गाडीत चढली होती, ते पुढे कळलं.

डांबरसाठीच थांबलो होतो. ऊन कलेपर्यंत थांबलो.

घरी आलो तर डांबर ओसरीत मंगलच्या पायाशी. मी निघाल्यावर थोड्याच वेळात सोमेश्वरच्या अंगणात भुईमुगाच्या पोत्यांमागे सापडला म्हणे. सोमेश्वरनेच उचलून आणला. मंगलने मला फोन केले होते. फोन डिक्कीत होता.

मंगल म्हणाली, "दिवसभर कुटं होतात?" मी म्हणालो, शोधत होतो. ती माझ्या शर्टावरचा चटणीचा डाग बघत राहिली.

२८ जानेवारी
डांबर पुन्हा विव्हळतो. मी उठलो की उठतो, मी फिरलो की मागे फिरतो. मी खिडकीशी, तो खिडकीशी. मी फाटकाशी, तो फाटकाशी. रस्त्यावरून एसटी गेली की आम्ही दोघंही बघतो. बेचैन जनावर आहे. मला तर बसूच देत नाही.

मंगल समोर बसली. शांतपणे म्हणाली, "त्याचे हाल बघवत न्हाईत. आणि..." तिने माझ्याकडे बघितलं. अजिनाथकडे सोडायचं का, विचारलं.

मी म्हणालो, आधी मी जागा बघून येतो. जागा पसंत पडली तरच. डांबरला नेणार नाही, एकटा जातो.

जागा पसंत पडणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.

२९ जानेवारी, नारायणगडाजवळ
पाहणी सुरू. अजिनाथचं शेत. विहिरीला कठडा आहे. कुत्री दोन, दोन्ही स्वभावाने गरीब. शेळ्यांची करडं कुत्र्यांच्या अंगावर झोपतात. बांधावर लिंबाची गार सावली. अजिनाथची बायको छबुबाई कुत्र्यांना आधी भाकरी टाकते, मग स्वतः जेवते.

दोष शोधतोय. अजून एकही सापडला नाही. राग येतोय.

३० जानेवारी
दोष: माश्या. थोड्या.

अजिनाथ म्हणाला, "भावजी, जा बिनघोर सोडून. आमी संबाळू."  मी लिंबाखाली जाऊन बसलो. त्याच्या कुत्र्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी त्याला उठवलं नाही.

संध्याकाळी मंगलचा फोन आला. मी म्हणालो, जागा चांगली आहे, परवा आणून सोडतो. ती म्हणाली, "थांबा. काय बी करू नका. डांबर काल आन् आज गप हाय."

मी म्हणालो, आजारी पडला असेल. माझ्याशिवाय खात नसेल.

"दोन्ही टायम भाकरी खाल्ली. मी ड्युटीवर गेले तरी एकला बसतोय. सुनिता म्हणती, हूं न्हाई का चूं न्हाई. सोमेश्वर दोन दिवस मेल्यावानी झोपलाय. त्यानंच अमरसिंहदादाला फोन करून सांगितलं, कुत्रं राहू द्या म्हणून."

मी म्हणालो, ट्रेनिंगला रिझल्ट यायला वेळ लागतो. ती मग म्हणाली, "सावकाश या. घाई न्हाई."

१ फेब्रुवारी
परत आलो. डांबर फाटकात आला, शेपूट हलवली, माझ्या चपला हुंगल्या, हात चाटला. मी खाली बसून त्याला बराच वेळ धरला. मग तो जिन्याखाली नाही गेला, हॉलमध्ये पंख्याखाली जाऊन आडवा झाला. मी म्हणालो, चला, आता पुढची लेव्हल, आणि त्याला उठवून, पट्टा बांधून घर परत एकदा दाखवायला निघालो.

स्वयंपाकघरापर्यंत आलो आणि तो विव्हळायला लागला.

भिंतीपलीकडून सोमेश्वरचा आवाज आला, "काका आले वाटतं!"

मंगलने पट्टा माझ्या हातातून काढून घेतला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "उद्यापासून तुमी सकाळी डबा घेऊन वाचनालयात जायचं. पाचला यायचं. इथली चार माणसं वळखीची होतील." मी म्हणालो, आणि डांबर? ती म्हणाली, "तो ऱ्हाईल की घरी."

मी विचार केला. डांबरच्या दृष्टीने हे योग्य आहे. त्याच्यासाठी करतो.

२ फेब्रुवारी
वाचनालय ठीक आहे. पंखा हळू. एका कोपऱ्यात तीन-चार रिटायर्ड लोक बसतात, त्यातला एकही अजून माझ्याशी बोललेला नाही, उद्या बोलतील. पेपर हातात घेतला आणि लक्षात आलं की चष्मा घरी राहिला.

दुपारी घरी गेलो. खिडकीतून पाहिलं. चष्मा टेबलावर. डांबर माझ्या पलंगावर, चारही पाय वर, पोट खालीवर होतंय. चावी माझ्या खिशात होती. कुलपाला लावली तर आवाज होणार.

तसाच वाचनालयात परत आलो. पेपर उघडून बसलो. आजचे फोटो बरे होते.