लाल ठिपक्याचा सायलेन्सर

९ ऑक्टोबर, मंगळवार

आज सात कबुतरं. आणि लॉरेनचं एक वाक्य. कबुतरं विसरलो, वाक्य जात नाही डोक्यातून.

नेहमीसारखा नऊला स्टॅथर्सांच्या शेतावर गेलो. गाडी खाली फाट्यापाशी लावली आणि पुढे चालत — अंगणात ट्रॅक्टरने नुसता चिखल केलाय. फेब्रुवारीत त्यांचा कुत्रा गेला, तेव्हापासून मी आलो म्हणून भुंकणारंही कुणी नाही. धान्याच्या कोठारात जाऊन बसलो. तुळयांवर बसून खालच्या गव्हावर शिटणारी ही कबुतरं मी अकरा वर्षं मारतोय, आणि अकरा वर्षं ती तेवढीच आहेत! थोड्या वेळाने लॉरेन चहाचा निळा जग घेऊन आली. म्हाताऱ्या रूबेनची सून ही. हसत म्हणाली, “आज काय हो क्लेम! स्वयंपाकघरात असं ऐकू आलं, जसं काही माझ्या कानापाशीच बार काढलात!”

मीही हसलो. मग आत जाऊन रूबेनजवळ बसलो. एकोणनव्वद वर्षांचा आहे. डोळे गेलेत, आणि मांडीचं हाड मोडल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीतच असतो. “किती रे?” मी म्हटलं, सात. “सातच? मी आठ बार मोजले. एक फुकट घालवलास, गाढवा!” अर्धा तास बसलो. माझं आठवड्याचं बोलणं एवढंच.

घरी येताना मात्र ते वाक्य टोचायला लागलं. ऐकू आलं म्हणे! आमच्याकडे कुणी तोंडावर ‘आवाज कमी करा’ म्हणत नाही. मीच एकदा शेजाऱ्याला म्हणालो होतो, “तुमच्या कुत्र्याचा गळा काय खणखणीत आहे हो!” आठवड्याच्या आत कुत्रा त्याच्या बहिणीकडे पोचला. ही भाषा मला चांगली कळते.

१० ऑक्टोबर

नॉरीन असती तर विचारलं असतं — तक्रार होती का गं ती? तिला अशा गोष्टी नेमक्या कळायच्या. बायको जाऊन दोन वर्षं झाली, अजून मी असले प्रश्न तिच्यासाठी साठवून ठेवतो.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

ग्रँजरच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. माझ्या एअर रायफलवरचा सायलेन्सर अजून कंपनीचाच आहे, रायफलबरोबर आलेला. (‘सायलेन्सर’ म्हटलं की ग्रँजर चिडतो. “मॉडरेटर म्हणा! बार गप्प होत नाही, नरम होतो!”) त्याने तो हातात घेतला, फिरवला, आत डोकावला.

“हा? हा कंपनीने फुकट दिला होता, आणि फुकटाइतकंच काम करतोय. आतला आवाज शोषणारा नमदा पार कुजलाय.” मग काउंटरखालून एक बाहेरचा, दुसऱ्याच कंपनीने बनवलेला, काढला. लांब, काळा, वजनाला काहीच नाही. “हा लावा. कबुतराला बातमी लागायच्या आत ते मेलेलं असेल.”

मी म्हटलं, मला कबुतरांचं काही नाही, माणसांना त्रास व्हायला नको. “मग तर हाच!” महाग होता. घेतला.

१३ ऑक्टोबर, शनिवार

परसात दोन्हींची परीक्षा. विटांच्या भिंतीपुढे वाळूची पेटी, तिच्यावर कागद.

कंपनीचा: आखूड, जड, रंग उडालेला. नेम बिनचूक. त्यावर लाल ठिपका आहे — नॉरीनने नखाच्या रंगाने लावलेला. “हा ठिपका वर आला की थांबायचं, उगाच आवळत बसू नकोस.” अजून वर आला की थांबतो.

बाहेरचा: वीतभर जास्त लांब. छर्रा इंचभर डावीकडे आणि खाली लागायला लागला. रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवून नेम परत बसवता बसवता पाऊण तास गेला. तोवर बोटं गारठली.

आता आवाज. आणि इथे गाडी अडली! झाडणाऱ्याला आवाज कळतच नाही. गाल दस्त्याला टेकलेला, त्यामुळे आतल्या हातोडीचा ‘टिंग’ हाडातून थेट कानात येतो. मला दोन्ही सारखेच वाटले. आवाज कळायला समोर दुसरं माणूस लागतं. रायफल नवी आणली तेव्हा नॉरीन कोळशाच्या खोलीपाशी पाठ करून उभी राहायची. आधी सायलेन्सर लावून, मग काढून. “हा म्हणजे जाड पुस्तक मिटल्यासारखा. आणि हा — रागाने दार आपटल्यासारखा. तुझ्या आईसारखा!”

आज तिथे फोन ठेवला, आवाज पकडायला. फोनमध्ये दोन्ही सारखेच. फोनला काय कळतंय.

१५ ऑक्टोबर, सोमवार

दुसरं माणूस मिळालं! टपाल टाकणारी बाई. तिला म्हटलं, दोन मिनिटं कोळशाच्या खोलीपाशी पाठ करून उभ्या राहता का? तिने माझ्याकडे असं बघितलं की आता पोलीस येणार असं वाटलं. पण राहिली उभी.

आधी कंपनीचा. “अगं बाई! हां, आला ऐकू.”

मग बाहेरचा लावला आणि झाडला. ती तशीच पाठ करून उभी. मी थांबलो. तीही थांबली. शेवटी म्हणाली, “अहो झाडा ना, मला अजून अख्खी गल्ली करायचीय!”

खूप हसलो. ती गेल्यावरही हसत होतो. मग एकट्याने हसण्याचा आवाज ऐकला आणि घरात आलो.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

बाहेरचा लावून शेतावर. अकरा कबुतरं! एक पडलं तरी शेजारचं नुसतं मान वाकडी करून बघतं. ग्रँजर फेकत नव्हता तर.

चहा आला नाही. लॉरेन बाहेर गेली असेल. नेहमीसारखी पिसं झाडली, कबुतरं पोत्यात भरून आणली — दुसऱ्याच्या कोठारात मागे काही ठेवायचं नाही. रूबेनला अकरा सांगायचे होते. राहिले.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

चौदा. चहा नाही.

लॉरेनची गाडी अंगणात होती. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर येत होता. साडेदहापर्यंत थांबलो, मग अकरापर्यंत. दार वाजवायला काय झालं होतं? पण बोलावल्याशिवाय लोकांच्या स्वयंपाकघरात घुसायचं नाही हे आईने लहानपणीच डोक्यात बसवलंय. अकरा वर्षांत एकदाही मी आपणहून गेलेलो नाही. दर वेळी लॉरेन म्हणायची, “चला, बाबा वाट बघतायत.” मगच.

२४ ऑक्टोबर

ती तक्रारच होती. आवाजाची नुसती सुरुवात. मीच नकोसा झालो असणार.

२८ ऑक्टोबर, रविवार

हिवाळा आला, आज सगळ्या देशाची घड्याळं तासभर मागे. एक जास्तीचा तास दिला सगळ्यांना. काय करायचं त्याचं? कंपनीचा सायलेन्सर तेलाने पुसून, जुन्या मोज्यात घालून कपाटावर ठेवला. ठिपका अजून लख्ख लाल आहे.

३० ऑक्टोबर, मंगळवार

एकोणीस! इतकी कधीच नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गव्हावर नवी शीट दिसली नाही. आणि सांगायला कुणी नाही. पोत्यातल्या कबुतरांना सांगितलं, “एकोणीस आहात.” हे लिहितानाही लाज वाटतेय.

निघताना अंगणाच्या कडेने गेलो. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, इतक्या गारठ्यात! आत रूबेन मफलर गुंडाळून बसलेला, मान इकडे कोठाराकडे वळवलेली. मी हात वर केला. मग आठवलं, त्याला दिसत नाही. हाक मारणार होतो. तेवढ्यात लॉरेन मागे दिसली, मोरीपाशी, आमच्याकडे पाठ करून. तिने वळून बघितलं नाही. मी तसाच पुढे निघालो.

म्हाताऱ्याची खिडकी कुणी लावत का नाही?

५ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळभर फटाके. गावाच्या मैदानात दर पाच नोव्हेंबरची मोठी शेकोटी पेटली, मुलं ओरडतायत. धडाम्‌, धडाम्‌! आज आवाजाबद्दल कुणाची काही तक्रार नाही. मी पडदे ओढून बटाटा उकडून खाल्ला.

६ नोव्हेंबर, मंगळवार

आठ. चहा नाही. मी घरून थर्मास नेला होता. कोठारात एकट्याने थर्मासचा चहा पिणं म्हणजे स्टेशनवर गाडी गेल्यावर बसून राहणं. अर्धा ओतून दिला.

ग्रँजरकडे छरे घ्यायला गेलो. “काय मग, आहे की नाही गप्प?” म्हटलं, आहे. फार गप्प आहे. “लोक खूश?” म्हटलं, लोक काहीच बोलत नाहीत. “मग झालं तर!” असं म्हणून त्याने पाठीवर थाप मारली.

नक्की कोणता चांगला, हे लिहून ठेवायचं म्हणून आज वहीत रेघ मारून दोन बाजू केल्या होत्या. नेम: कंपनीचा. वजन: बाहेरचा. आवाज: बाहेरचा, प्रश्नच नाही. कबुतरं: बाहेरचा. सगळं बाहेरच्याच बाजूला. मग मला त्याचा एवढा राग का येतो?

११ नोव्हेंबर, रविवार

ठरवलं. लोकांनी तोंडाने ‘येऊ नका’ म्हणायची वेळ आणायची नाही. भली माणसं आहेत, त्यांना ते जड जाईल. आपणच आपल्या पायाने निघावं.

चिठ्ठी चार वेळा लिहिली. पहिलीत चहाबद्दल लिहिलं होतं. फाडली. दुसरीत रूबेनबद्दल. तीही फाडली. शेवटी एवढंच — गुडघे साथ देत नाहीत, अकरा वर्षं येऊ दिलंत, आभार. कोठाराची किल्ली सोबत ठेवली आहे.

गुडघे ठणठणीत आहेत.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

शेवटचा दिवस. सहा मारली. मग नुसता बसलो. एक कबुतर समोरच्या तुळईवर येऊन बसलं, त्याला सोडून दिलं. आपल्याच हाताने कोठार झाडलं, कोपरेसुद्धा. कुणी आलं होतं असं वाटणार नाही इतकं स्वच्छ.

रूबेनची खिडकी आजही उघडी. धुकं आत जात होतं. आज मी थांबलो नाही. थांबलो असतो तर आत गेलो असतो, आणि आत गेलो असतो तर काय बोललो असतो कोण जाणे. फाटकाजवळच्या दुधाच्या पेटीत पाकीट ठेवलं आणि चालत सुटलो.

गाडीत बसून रडलो. नॉरीन गेल्यावर रडलो नव्हतो एवढा. कबुतरं मारायला मिळणार नाहीत म्हणून रडणारा म्हातारा! पण कबुतरांसाठी नव्हतंच ते. “सातच? गाढवा!” असं मला आता कोण म्हणणार?

१४ नोव्हेंबर

काही नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी दार वाजलं. लॉरेन. हातात माझी किल्ली, चेहरा रागाने लाल. “पाच मंगळवार फिरकला नाहीत, फोन उचलून विचारावं तर बाबा म्हणतात, नको, त्याला वाटलं तर येईल! आणि आता ही चिठ्ठी? दर मंगळवारी सकाळपासून खिडकी उघडून बसतात ते. काल मला म्हणाले, क्लेम मेलाय आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय! अकरा वर्षं तुमचा पहिला बार ऐकला की मी किटली ठेवते, क्लेम. आम्ही काय केलं तुमचं?”

मी म्हटलं, मी आलो होतो. पाचही मंगळवार.

तिचा किल्लीचा हात खाली आला. “मग आम्हाला ऐकू कसं नाही आलं?”