न्हाणीच्या फळ्यांखाली

शिवपुत्र,

माडीवरच्या न्हाणीत पाऊल टाकू नकोस. सुतारानं जुन्या फळ्या सगळ्या काढल्यात, नुसत्या तुळया उघड्या आहेत. आंघोळ खाली परसात कर, आईलाही सांग.

मी दुपारच्या गाडीनं अक्कलकोटला निघालोय, तुझ्या बायकोच्या, सुंदरम्माच्या माहेरी.

कोपऱ्यातली फळी उचलली आणि खाली तुळईच्या खाचेत तिची चांदीची डबी निघाली. आत इष्टलिंग जसंच्या तसं, गळ्यातला दोरा तेवढा कुजलेला. न्हाताना दोरा तुटून ते फटीत गेलं, असंच ती रडून सांगत होती की रे! एक फळी उचलून बघा म्हणाली, ती मी उचलू दिली नाही. लिंग टाकून देणारी बाई माझ्या घरात नको, असं वर म्हणालो. तू मान खाली घालून उभा होतास.

डबी मी घेऊन जातोय. तू मागं येऊ नकोस. बोललो मी, तिच्या पाया पडायलाही मीच जायचं.

दोन वर्षं आपण रोज तिच्या लिंगावर उभं राहून आंघोळ केली, आणि विभूती लावून पूजेला बसलो.

आप्पा