गौरवीचा प्रश्न

प्रिय तनू,

फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. रागावलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. हल्ली माझं कशातच लक्ष नाही. गॅसवर ठेवलेली आमटी करपते, फळ्यासमोर खडू घेऊन उभी राहते आणि काय लिहायचं होतं तेच आठवत नाही. ह्या सगळ्याचं मूळ माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी आहे. गौरवी तिचं नाव. सुर्ल्याला राहते. वडील बाबुराव खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, मूळचे दोडामार्गकडचे. घरात अजून मालवणीच बोलतात.

जानेवारीत शाळेनं दहावीच्या मुलांची एक चाचणी घेतली. अर्धी प्रयोगाची, अर्धी आवडीनिवडीची. प्रयोगाचा भाग माझ्याकडे होता. भांड्याला ओलं फडकं गुंडाळलं तर आतलं गरम पाणी लवकर निवतं का, ते शोधा, एवढंच सांगितलं. बहुतेक मुलांनी थर्मामीटर बुडवला, आकडा लिहिला आणि मोकळी झाली. गौरवीनं आधी दोन्ही भांड्यांत पाणी सारखं आहे ना ते मापलं, मला पंखा बंद करायला लावला, आणि खाली लिहिलं, ‘एकदाच करून सांगता येणार नाही, परत करायला हवं.’ हे मी शिकवलेलं नव्हतं गं! मला तूच आठवलीस. आपण शाळेत असताना प्रयोगशाळेतला बंद पडलेला मीटर हेअरपिनने खुडबुड करून तू चालू केला होतास, आणि मी शेजारी उभी राहून टाळ्या पिटत होते. हात तुझा, हौस माझी.

पण आवडीचा भाग बघितला आणि चक्रावलेच. विज्ञान, इंजिनियरिंग, गणित, कॉम्प्युटर, ह्यातलं काही पुढे करायला आवडेल का? गौरवीचं उत्तर सगळीकडे ‘नाही’. आणि आमचा निहार, ज्याला मोजपट्टीवरच्या रेघा धड वाचता येत नाहीत, त्याला मात्र रॉकेट बनवायचं आहे. ज्याला येतं त्याला आवडतंच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती एकदम उसळून म्हणाली, “टीचर, माका येता म्हणून ताच करूक व्हया काय?”

त्याच आठवड्यात पालकसभा होती. बाबुराव आले आणि मी तिच्या प्रयोगाचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. “चेडू हुशार आसा, माका ठाऊक होता,” म्हणत हात जोडून गेले, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या सुर्ल्याला कळलं की बाबुरावांची गौरवी इंजिनियर होणार. त्यानंतर तिनं प्रयोगशाळेत यायचंच सोडलं. माझ्याशी बोलेना. व्हरांड्यात समोर आली तर वाट बदलायची.

फेब्रुवारीत मुलांना मोरजीला नेलं, कासवांची घरटी दाखवायला. तिथे अंकिता नावाची एक तरुण मुलगी टोकाला थर्मामीटर बसवलेली काठी वाळूत खोचून खालचं तापमान मोजत होती. वाळू जास्त तापली की पिल्लांत माद्या जास्त निपजतात, त्यावर तिचं संशोधन चालू होतं. बाकीची मुलं लाटांकडे पळाली. गौरवी तिथेच बसली. काठी किती खोल, सावलीतल्या घरट्यात काय, पाऊस पडला तर काय, विचारता विचारता तिनं काठी स्वतःच्या हातात घेतली. मग म्हणाली, “रोज हेच? कंटाळा येत नाही?” अंकिता हसली. “येतो की. पण उद्याचा आकडा बघितल्याशिवाय राहवतही नाही.”

परतताना बसमध्ये गौरवी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. कोलवाळचा पूल आला तेव्हा हळूच म्हणाली, “टीचर, हे काम मला आवडेल असं वाटतं. पण आत शिरल्यावर नको झालं तर बाहेर येता येतं? बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. मग तोंड कसं दाखवायचं?” येतं गं, न यायला काय झालं, मी म्हटलं. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. “असं कोण आलंय? तुम्ही कुणाला ओळखता?” मी मुलं मोजायच्या निमित्तानं जागेवरून उठले.

आता निकाल लागलाय, तिला उत्तम मार्क आहेत. अकरावीचा अर्ज भरलाय, फक्त शाखेची जागा कोरी. बाबुराव रोज विचारतात, ती रोज उद्यावर ढकलते. आणि मागच्या बुधवारी डिचोलीच्या बाजारात जानकीमावशी भेटली. तांबड्या भाजीची जुडी हातात धरून तुझी आई भर रस्त्यात रडली, तनू. तू हैदराबादची लॅब सोडून किती महिने झाले, हे मला तिच्याकडून कळावं? लोक काय म्हणतील म्हणून गावी, सर्वणला यायचं टाळतेस म्हणे. “तिका सांग, आमी कांयच विचारचीं नांत,” एवढंच ती परत परत म्हणत होती.

काल मी गौरवीला सांगितलं की हो, ओळखते मी एकीला. नाव सांगितलेलं नाही. तू ये. तिला सायन्सला पाठवायला नको, अडवायलाही नको. काम आवडत होतं तोवर कसं होतं, नको कधी झालं, दार उघडून बाहेर कशी पडलीस, आणि आता काय वाटतं, तेवढं तिच्याशी बोल. काहीच सुचत नसलं तर तेही सांग. सर्वणच्या प्रश्नांची भीती वाटत असेल तर आधी माझ्याकडे उतर. इथे विचारणारी एकच आहे, आणि तिला उत्तर खरोखरच हवं आहे.

चिडलेली, पण तुझीच,
सुविधा